स्टुडिओतले तीन कॅमेरे आणि मावशींचा हिरवा चुडा

पाऊसपाणी | ११ जुलै, रात्री ११:५२

इतके दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात एम.ए. करतेय, माध्यमांचं. दुसरं वर्ष. या सत्रात दोन मोठी कामं आहेत. एक स्टुडिओतलं: तीन कॅमेऱ्यांवर बारा मिनिटांचा मुलाखतीचा कार्यक्रम. 'ॲज लाइव्ह' करायचा, म्हणजे एकदा सुरू झाला की थांबायचं नाही आणि नंतर एडिटही करायचं नाही. दुसरं, पाच मिनिटांच्या आतली शॉर्टफिल्म. खरं सांगते, मी प्रवेश घेतला तो शॉर्टफिल्मसाठी. स्टुडिओ म्हणजे मला शाळेतल्या गणिताच्या तासासारखा वाटत होता. असतो म्हणून बसायचं.

नऊ जणांचा गट. चिठ्ठ्या टाकल्या आणि दिग्दर्शन माझ्या बोकांडी बसलं. पाहुण्या म्हणून धायरीकडच्या एक मावशी बोलावल्या, गोधड्या शिवतात. मागे जुन्या वाड्याचा फोटो हवा होता म्हणून क्रोमा, म्हणजे हिरवी भिंत. 'साडी हिरवी नको' हे फोनवर तीनदा सांगितलं होतं आणि मावशी आठवणीने वांगी रंगाचं इरकल नेसून आल्या.

दोनला स्टुडिओ मिळाला, पाचला सोडायचा होता. लाइट लागले, मावशींना बसवलं, क्रोमा ऑन केला आणि कंट्रोल रूममध्ये सगळे एकदम गप्प झाले. मावशींच्या दोन्ही मनगटांवर वाड्याचा दिंडी दरवाजा दिसत होता. हिरवा चुडा! डझनभर काचेच्या बांगड्या. मशीनला हिरवं काढ म्हटलं की ते हिरवं काढतं, ते भिंतीवर आहे की बाईच्या हातात, त्याला काय कळतंय. कोपरापर्यंत हात, मग दरवाजा, मग पंजा. आणि हेच हात सुई घेऊन टाके घालून दाखवणार होते.

"बांगड्या काढायला सांग ना," हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं. मी फ्लोअरवर गेले, मावशींसमोर उकिडवी बसले आणि तोंडातून शब्द फुटेना. मावशींनी एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या, काम सुरू करताना बायका सारतात तशा. मी "पाणी हवंय का मावशी?" एवढंच विचारून परत आले.

मग क्रोमाच रद्द केला. काळा पडदा ओढला, एका दिव्यापुढे कापलेला पुठ्ठा लावून पडद्यावर जाळीची सावली पाडली. त्यात पाऊण तास गेला आणि रिहर्सल राहिली ती राहिलीच.

रेकॉर्डिंगचं काय सांगू. मी म्हणाले, "कट टू टू." स्विचरवरची, म्हणजे कॅमेरे बदलायच्या पॅनेलवरची मैत्रीण म्हणाली, "टू टू काय?" तेवढ्यात मावशींचं वाक्य संपलं. मी म्हणाले, "थ्री, हातांवर जा," तर तीनच ऑन एअर होता! मावशींच्या चेहऱ्यावरून निघून, टेबलाचा पाय दाखवत, हातापर्यंत असा प्रवास सगळ्या जगाला घडला. निवेदिकेकडे नऊ प्रश्न होते. मावशी बुजल्या होत्या, प्रत्येक प्रश्नाला "हो", "नाही", "असंच आपलं". साडेसात मिनिटांत प्रश्न संपले. उरलेल्या साडेचार मिनिटांबद्दल मला बोलायचं नाहीये.

प्रश्न असा: या सगळ्याचा शॉर्टफिल्मला उपयोग काय? तिथे एकच कॅमेरा, हवे तितके टेक, स्विचर नाही, फ्लोअरवर उभं राहून खुणा करणारा फ्लोअर मॅनेजर नाही. दुसरी स्टुडिओ फेरी ऑगस्टमध्ये आहे. जीव ओतायचा की उरकून टाकायची? ज्यांनी हे शिकलंय किंवा केलंय त्यांनी सांगा.

---

मिसळपाव_जास्त_तर्री | ११ जुलै, रात्री ११:५९

रुमाल टाकून ठेवतो. मनगटात दिंडी दरवाजा _/\_

---

शंकेखोर | १२ जुलै, सकाळी ८:१०

उरकून टाका. रोखठोक सांगतो, राग नको. स्टुडिओ, पॅनेल, टॉकबॅक (हेडफोनमधून सूचना द्यायची सोय) हे सगळं एका सरकारी चॅनेलच्या काळातलं. आज माझा भाचा खिशातल्या फोनवर शूट करतो, फोनवरच एडिट करतो आणि त्याला तुमच्या विभागाच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा जास्त प्रेक्षक आहेत. विद्यापीठांना स्टुडिओ बांधला की तो वापरावा लागतो, म्हणून तो अभ्यासक्रमात असतो. गरज मुलांची नसते, इमारतीची असते.

---

जुना_फ्लोअरवाला | १२ जुलै, सकाळी ९:३५

पाऊसपाणी, आधी एक सांगतो बाळा. तू बांगड्या काढायला सांगितल्या नाहीस ते बरोबर केलंस. तो पाऊण तास वाया गेला असं मानू नकोस.

नोकरी कुठे केली ते जाऊ दे, एकतीस वर्षं फ्लोअरवर उभा होतो. आता गुडघे बोलतात. आमच्या सुरुवातीच्या काळात टेप महाग, पुसून पुसून वापरायची. एडिट करायचं म्हणजे मशीन मिळायची मारामार, त्यामुळे रेकॉर्डिंग असलं तरी लाइव्ह समजूनच करायचं. तुम्हाला जे 'ॲज लाइव्ह' शिकवतात ते तिथून आलंय.

आता तुझ्या चुका. "कट टू टू" हा घोळ आमच्याकडेही व्हायचा. एक निर्मात्या होत्या, त्यांनी सरळ मराठी आकडे सुरू केले. आधी आकडा, मग काम. "दोन तयार... दोन." आधी नाव घेतलं की माणूस कान टवकारतो, मग सांगितलेलं त्याच्या डोक्यात शिरतं. "जरा हातांवर जा, तीन" असं म्हटलंस तर तिघेही हातांवर जातील. आणि कॅमेऱ्याला सांगण्याआधी नजर प्रोग्रॅम मॉनिटरवर, म्हणजे बाहेर जाणारं चित्र दिसतं त्या पडद्यावर. ज्या कॅमेऱ्यावर लाल दिवा आहे त्याला हलवायचं नाही, हलवायचाच असेल तर आधी दुसऱ्यावर जायचं. तुझ्या तीनवाल्या पोराची काही चूक नाही, तो हुकमाचा ताबेदार.

कॅमेरे उलटे लावलेस की सुलटे? मुलाखतीला डावीकडचा कॅमेरा उजवीकडच्या माणसाला बघतो आणि उजवीकडचा डावीकडच्याला. मधला दोघांना मिळून. सरळ समोरचा माणूस घेतलास तर नुसती कानशिलं दिसतात.

आणि साडेचार मिनिटांचं. "तुम्हाला हे काम आवडतं का?" याला जगातला कुणीही "हो" म्हणणार आणि गप्प बसणार. हाताने काम करणाऱ्या माणसाला मत विचारू नये, काम विचारावं. "मावशी, पहिला टाका कुठून घालता? दाखवा ना." हात चालायला लागले की तोंड आपोआप चालतं. मी असे लोहार बघितलेत, मूर्तिकार बघितलेत. माईक दिसला की मुके, आणि हातात हत्यार दिलं की थांबवायला मला हात गोल गोल फिरवायला लागायचा. (हात गोल फिरवला म्हणजे 'आवरतं घ्या'. दोन हातांनी रबर ओढल्यासारखं केलं म्हणजे 'ताणा'. तुझ्या फ्लोअर मॅनेजरला हे येतं का?)

असा एक प्रश्न निवेदिकेच्या खिशात कायम राखीव ठेवायचा.

---

पाऊसपाणी | १२ जुलै, दुपारी १:२०

काका, पाय कुठे आहेत तुमचे? कॅमेरे सुलटे लावले होते :( म्हणून मावशींचा कान एवढा सुंदर आलाय. आमच्या फ्लोअर मॅनेजरला एकच खूण येते, ती म्हणजे डोक्याला हात.

---

ध्वनिखिसा | १२ जुलै, दुपारी ३:०५

सगळे चित्रावर बोलतायत, नेहमीप्रमाणे. लेपल माईक (कपड्याला टोचायचा छोटा) कुठे लावला होता? इरकल आहे म्हणजे पदर. पदरावर लावला असणार, बरोबर? मग प्रत्येक हालचालीला खसखस, आणि वर काचेच्या बांगड्या. पदर सरकतो, माईक तोंडापासून लांब जातो किंवा कापडाखाली जातो. ब्लाउजच्या काठाला लावा, वायर आतून घ्या, पदर त्याच्यावर येत नाही ना ते बघा. आणि बूम (लांब काठीवरचा माईक) असेल तर वरून तोही ठेवा, फ्रेमच्या जरा बाहेर.

बांगड्यांचं म्हणाल तर आवाज मारायचा प्रयत्न करू नका. बोलणं आणि किणकिण एकाच माईकवर असेल तर नंतर वेगळं करता येत नाही, आणि तुमच्याकडे 'नंतर' नाहीच. कार्यक्रमाआधी मावशींना नुसतं शिवू द्या, बोलू नका, एक मिनिट ऐका. पातळी त्यावर ठरवा. बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली की किणकिणीला वर जागा राहते.

---

आदूची_आई | १२ जुलै, रात्री ९:४०

माफ करा, थोडं अवांतर. मुलगा बारावीला आहे आणि त्याला हेच करायचंय. फिल्म इन्स्टिट्यूटला बारावीनंतर जाता येतं का? आणि खासगी कॉलेजं बघितली तर सगळीकडे माहितीपत्रकावर चकाचक स्टुडिओ. खरं-खोटं कसं ओळखायचं?

---

लॉ_कॉलेज_रोडवाला | १२ जुलै, रात्री ११:१५

आदूची आई, तिथे चित्रपट आणि टीव्हीच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, कुठल्याही शाखेची. तोवर त्याला भरपूर वाचू द्या, नाटकाच्या ग्रुपमध्ये जाऊ द्या. पुरुषोत्तम करंडकाच्या (कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या) तालमींना पडदा ओढायला उभा राहिला तरी वेळ सांभाळणं म्हणजे काय ते कळेल.

शंकेखोरांच्या 'इमारतीची गरज' या वाक्यावर मात्र बोलावंसं वाटतं, कारण पुण्यात हे उलट घडलंय. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. कंपनी बंद पडल्यावर त्याच जागेत, त्याच स्टुडिओत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. म्हणजे इमारत आधी होती हे खरं, पण तिच्यात धंदा चालत होता, शाळा नव्हे. टीव्हीवाल्यांचं प्रशिक्षण १९७१ मध्ये दिल्लीत सुरू झालं आणि १९७४ मध्ये इथे आलं. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, म्हणजे तेव्हा हे माध्यम महाराष्ट्रात दोनच वर्षांचं होतं. फिल्मवाले तीन वर्षं, टीव्हीवाले एक वर्ष, एकाच आवारात, एकाच कॅन्टीनला. कोण कोणाला कमी समजायचं हे तुम्ही ओळखलं असेलच.

विद्यापीठाचंही तसंच. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) शैक्षणिक कार्यक्रम इन्सॅट-१बी उपग्रहावरून १५ ऑगस्ट १९८४ पासून देशभर दिसायला लागले. ते बनवायला विद्यापीठांमध्ये माध्यम केंद्रं निघाली, त्यात पुण्याचं एक. आमच्या घरी दुपारी टीव्ही लावला की कुणीतरी प्राध्यापक खडू हातात घेऊन उभे. आम्ही कंटाळायचो. पण ते कार्यक्रम बनवणाऱ्या माणसांना प्राध्यापकाला कॅमेऱ्याकडे बघायला कसं लावायचं, फळ्यावरची चमक कशी घालवायची, हे सोडवायलाच लागलं. स्टुडिओ दाखवायला बांधला नव्हता, रोज कार्यक्रम द्यायचा होता म्हणून बांधला होता. हा फरक लक्षात घ्या.

---

एडिट_टेबल | १३ जुलै, सकाळी ७:२५

आदूची आई, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि एखाद्या कामाच्या दिवशी, न सांगता, दुपारी जा. स्टुडिओला कुलूप असेल तर परत या. उघडा असेल तर पॅनेलवर कोण बसलंय ते बघा. तंत्रज्ञ बसलाय आणि मुलं मागे उभी राहून बघतायत, की मुलगी बसलीय आणि तंत्रज्ञ मागे चहा पितोय? दुसरं असेल तर घाला. तीन कॅमेऱ्यांपैकी किती चालू आहेत तेही विचारा. मी शिकलो तिथे (नाव नको) दोन वर्षं तिसरा कॅमेरा 'दुरुस्तीला गेलेला' होता, आम्ही त्याला सैन्यात गेलेला काका म्हणायचो.

पाऊसपाणीसाठी: मी एडिट करतो, मालिका नि जाहिराती दोन्ही, आणि वर्षाला चाळीसेक विद्यार्थ्यांच्या शॉर्टफिल्म बघतो. त्यातल्या बहुतेकांचा एकच आजार. दोन माणसं खोलीत बोलतायत. एक वाइड, याचा क्लोज, त्याचा क्लोज, खांद्यावरून एक, खांद्यावरून दुसरा, चहाच्या कपाचा क्लोज. पूर्ण प्रसंग सगळीकडून. विचारलं तर म्हणतात, "एडिटला बघू." अरे, काय बघू? कुठलं वाक्य कोणाच्या चेहऱ्यावर ऐकायचं हे ज्याला शूटच्या दिवशी ठरवता आलं नाही, त्याला रात्री दोन वाजता लॅपटॉपसमोर कसं ठरणार? मग तो दर वाक्याला कट मारतो आणि फिल्म मालिकेसारखी दिसते.

लोक म्हणतात ही स्टुडिओची सवय. उलट आहे. स्टुडिओत तुला मावशींचा शब्द संपायच्या आत ठरवावं लागलं, चेहरा की हात. चुकलीस, पण ठरवलंस. बारा मिनिटांत साठ-सत्तर वेळा ठरवलंस. "सगळं घेऊन ठेवू" ही चैन तिथे नव्हती. फिल्म मालिकेसारखी दिसते तो टीव्हीचा दोष नाही, निवड करायची भीती आहे.

एकच कर. शॉर्टफिल्मच्या संहितेवर स्टुडिओसारखे आकडे घाल. डाव्या रकान्यात काय दिसतं, उजव्यात काय ऐकू येतं. प्रत्येक वाक्याशेजारी एकच शॉट. दोन लिहिलेस तर एक खोड, तेही घरी, शूटवर नाही.

---

शंकेखोर | १३ जुलै, सकाळी १०:००

मी नाही म्हणत नाही. पण हे सगळं फोनवर शिकता येतं, हे कोणीच खोडून काढलं नाही.

---

ध्वनिखिसा | १३ जुलै, सकाळी १०:२०

शंकेखोर, भाचा एकटा शूट करतो ना? मग तिथे चूक झाली तर कोण कोणाला सांगतं? आणि तुम्ही ज्या दोन-दोन तासांच्या गप्पा ऐकता, दोन खुर्च्या आणि मध्ये मोठ्ठा माईक, तो फ्लोअरवाल्या काकांचाच तीन कॅमेऱ्यांचा मुलाखत कार्यक्रम आहे. झाड प्लास्टिकचं लावलं की नवा होत नाही.

---

जुना_फ्लोअरवाला | १३ जुलै, सकाळी १०:४५

प्लास्टिकचं झाड आमच्याकडेही होतं. एकाच कुंडीवर बावीस वर्षं.

---

शंकेखोर | १३ जुलै, सकाळी ११:०२

हरलो. पुढे चालू द्या.

---

पाऊसपाणी | १७ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, रागावू नका.

स्टुडिओची दुसरी फेरी झाली. मावशींनाच परत बोलावलं (आमच्यात वाद झाला, पण मी हट्ट धरला). आकडे मराठीत. स्विचरवर या वेळी मी होते, दिग्दर्शन दुसऱ्याचं. कॅमेरे उलटे, काका! आणि पहिलाच प्रश्न: "पहिला टाका कुठून?"

मावशींनी कडेपासून सुरुवात केली. धावदोरा घालत, कपडा मांडीवर फिरवत, "ही नातीची झबली, ही यांची लुंगी, हे एका ताईंनी दिलेलं पडद्याचं कापड, हे जरा चामट आहे, सुई तुटती यात..." आणि त्या थांबेचनात. बाराव्या मिनिटाला आमचा फ्लोअर मॅनेजर हात इतका गोल फिरवत होता की मावशींनी शिवता शिवता विचारलं, "तुला काय होतंय रे?" हे ऑन एअर गेलं. सर म्हणाले, गुण कापणार नाही, पण पुन्हा नको.

बाकी फेरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नीट झाली.

आता खरं दुखणं, शॉर्टफिल्म. कसब्यातला एक वाडा मिळालाय, पाडायचा आहे, म्हणून मालकांनी चार दिवस दिले. गोष्ट साधी: घर रिकामं करताना दोन बहिणी आजीचं शिलाई मशीन जिन्यावरून खाली आणतात. दोन अडचणी:

१. संध्याकाळी सहा वाजले की नदीकाठी ढोलपथकांचा सराव. खिडक्या बंद केल्या, आत सहा गोधड्या टांगल्या (हो, मावशींच्याच, भाड्याने), तरी धाडधाड ऐकू येतंय.

२. आतल्या ट्यूबलाइटमध्ये फोनवरच्या फ्रेममध्ये काळे पट्टे सरकतात. डोळ्याला काही दिसत नाही. कॅमेरा कॉलेजचा आहे, पण दुसरा अँगल फोनवर घेतोय.

---

ध्वनिखिसा | १७ ऑगस्ट, रात्री १०:५५

१. गोधडीने खोलीतलं घुमणं कमी होतं, आवाज कोरडा होतो, त्यासाठी ठेवाच. पण ढोलाचा ठोका खालच्या सुरातला असतो, तो भिंतीतून, जमिनीतून येतो. सहा काय, साठ टांगल्या तरी येणार. सराव संध्याकाळी असतो, तुम्ही सकाळी सातला सुरू करा. प्रसंग रात्रीचा असेल तर खिडक्यांना बाहेरून काळा कागद लावा. आणि पॅकअपच्या आधी सगळ्यांना पुतळे करून रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज घ्या. फ्रीज बंद, पंखा बंद, फोन विमानात. एडिटला संवादांमधली भोकं त्यानेच बुजतात.

वाड्याच्या लाकडी जिन्याचा आवाज वेगळा घ्या. पाडल्यावर मिळणार नाही.

२. हे एडिट_टेबल सांगतील.

---

एडिट_टेबल | १७ ऑगस्ट, रात्री ११:३०

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. तुझा फोन बहुतेक सेकंदाला ३० फ्रेम्सवर आणि १/६० शटरवर (दर फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) असणार, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये त्या लाटेचा वेगळा तुकडा येतो, तो पट्टा होऊन सरकतो. कॅमेरा नि फोन दोन्ही २५ फ्रेम्स, शटर १/५०. म्हणजे दरवेळी पुऱ्या दोन लाटा येतात, पट्टे गायब. आपल्या टीव्हीचे २५ फ्रेम्स याच ५० हर्ट्झवरून आलेत. आणि २५ नि ३० ची खिचडी एडिटला आणू नकोस, कॅमेरा सरकला की झटके दिसतात.

पण दुसरा अँगल का घेतेयस? संहितेवर आकडे घातले होतेस ना?

---

पाऊसपाणी | १८ ऑगस्ट, सकाळी ६:१५

...पकडलंत.

---

जुना_फ्लोअरवाला | १८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

सकाळी सव्वासहाला उठून शूटला निघालीय. पोर सुधारली.

---

पाऊसपाणी | ८ सप्टेंबर, सकाळी ११:१०

शेवटचा अपडेट. विसर्जनाचा ढोल अजून कानात आहे, त्यामुळे काही चुकीचं लिहिलं असेल तर माफी.

जिन्याच्या प्रसंगाला मी आठ शॉट लिहिले होते. खालून, वरून, हातांचे, पायांचे, मशीनच्या चाकाचा, दोघींच्या चेहऱ्यांचे. त्या सकाळी घरून निघताना बसमध्ये कागद काढला आणि स्विचरसारखं वाचलं. इथे कोणावर? इथे? खोडत गेले. शेवटी एक उरला: जिन्याच्या तळाशी, कॅमेरा जमिनीवर, जिना अंधारात. आधी आवाज, मग मशीनचं पायडल, मग चार पाय. चेहरे नाहीतच. मोठीचा पाय चुकून निसटला आणि ती "अगं धर!" म्हणाली, ते संहितेत नव्हतं. दुसरा टेक घेतला, मशीन नीट उतरलं, पण ते "अगं धर" नव्हतं. पहिला ठेवला.

एकूण १४ शॉट, चार मिनिटं दहा सेकंद. दोन दिवस उरले होते, त्यात फक्त आवाज घेतले. ध्वनिखिसा, जिना पायरीगणिक घेतलाय. सातवी पायरी वेगळीच कुरकुरते.

सगळं जमलं असं नाही. खिडकीपाशी दोघी बसतात तिथे मी रेषा ओलांडली (दोघींना जोडणारी मनातली रेषा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो). एका शॉटमध्ये धाकटी डावीकडे बघते, पुढच्यात उजवीकडे, दोघी एकमेकींशी न बोलता तिसऱ्याच कोणाशी बोलतायत असं वाटतं. स्टुडिओत हे होऊच शकत नाही, कॅमेरे एका बाजूलाच असतात. इथे मी मोकळी होते आणि भरकटले. परत जाऊन घ्यायला वाडा नाहीये.

आणि हे सांगायचं राहिलं. मावशींना कार्यक्रम दाखवायला पेन ड्राइव्ह घेऊन धायरीला गेले होते. शेजारच्या पाच-सहा बायका आल्या, टीव्ही लावला. मी जीव मुठीत धरून त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. लाइट चांगला, आवाज स्वच्छ, कट वेळेवर, असं काहीतरी कोणी म्हणेल या आशेने. मावशी शेवटपर्यंत गप्प. संपल्यावर म्हणाल्या, "बांगड्यांचा आवाज बाई लई चांगला आलाय."

---

ध्वनिखिसा | ८ सप्टेंबर, सकाळी ११:१४

हे छापून फ्रेम करून घेतोय. इतक्या वर्षांत आवाजाबद्दल कोणी स्वतःहून बोललेलं पहिल्यांदा ऐकलं.

---

मिसळपाव_जास्त_तर्री | ८ सप्टेंबर, सकाळी ११:३०

रुमाल उचलतो. वाखू (वाचनखूण) साठवली, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). लिंक?

---

पाऊसपाणी | ८ सप्टेंबर, सकाळी ११:४१

विभागाची परवानगी आली की. अर्ज दिलाय, तो दोन नंबरच्या टेबलावर आहे.

---

जुना_फ्लोअरवाला | ८ सप्टेंबर, सकाळी ११:५०

"दोन तयार" म्हणून बघ.